नाव पाण्यात असेपर्यंत

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचते. कधी कुणाला उत्तरही दिलेलं नाही. लिहायची ही पहिलीच वेळ आणि घरात कुणाला माहीत नाही. शिक्षण चौथीपर्यंत झालंय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते — करणी, भानामती, अंगात येणं, यातलं मी काही मानलं नाही. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर अमावास्येला कुणी ना कुणी उतारा ठेवतं. बायका वळसा घालून जातात. मी त्यातलं लिंबू चपलेनं बाजूला सारून कामावर जाते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी काठ शिवायला आहे, तिथं उशीर चालत नाही. आजवर त्या लिंबानं माझं काही वाकडं केलं नाही.

मला लहानपणी वेड होतं ते वेगळंच. दगडांचं. तेही आपल्याकडच्या नाही, इंग्लंडच्या. हसू नका.

माझं माहेर अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढं दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं, पोरीला कोण धाडतं. थोडी मोठी झाल्यावर मला सोलापुरात एका रिटायर झालेल्या शिक्षिकेकडे घरकामाला ठेवलं. त्यांना मी बाई म्हणायची. बाईंचा भाऊ इंग्लंडला होता, त्याच्याकडे त्या काही वर्षं राहून आल्या होत्या. तिथं भावाच्या गाडीतून खूप फिरल्या. ते फोटो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होते. दुपारी भांडी झाली की बाई डबा काढायच्या आणि मी खाली फरशीवर बसायची.

पहिला फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. हिरवागार माळ, आणि त्यावर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे दगड गोल करून उभे. काहींच्या डोक्यावर आडवे दगड ठेवलेले.

"हे कुणी केलं, बाई?"

"कुणालाच नक्की माहीत नाही."

या उत्तरानं मी येडी झाले. शाळेत गुरुजींना सगळं माहीत असायचं. बाईंनाही सगळं माहीत असायचं. आणि ही एवढी मोठी गोष्ट उघड्यावर उभी आहे, आणि कुणालाच माहीत नाही!

मग रोजचं झालं. एका टेकडीच्या उतारावर गवत खरवडून काढलेला पांढरा घोडा. का काढला ते ठाऊक नाही, पण लोक पिढ्यान् पिढ्या त्याच्यावरचं गवत काढत राहतात, म्हणून तो पांढरा राहतो. एक टेकडी, तिच्या पोटात कुणी राजा घोडेस्वारांसकट झोपलाय, देशावर संकट आलं की उठणार. मी म्हटलं, "इतकी वर्सं झोपलाय? आमच्या अव्वानं तोंडावर तांब्या ओतला असता." अव्वा म्हणजे माझी आई. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

एके ठिकाणचे दगड म्हणे कुणालाच मोजता येत नाहीत. दर वेळी वेगळा आकडा येतो. एका पाववाल्यानं प्रत्येक दगडावर एक पाव ठेवून मोजायचं ठरवलं, तरी जमलं नाही. मी बाईंच्या परसात विटांचे तुकडे आणि दगड गोल उभे केले आणि प्रत्येकावर भाकरीचा तुकडा ठेवला. कावळ्यांनी सगळं नेलं. बाई दारातून म्हणाल्या, "बघ, तुझेही मोजून होईनात!" तो गोल मी लग्न होईपर्यंत राखला. त्यात उभं राहिलं की मला आपण कुठंतरी लांब आहोत असं वाटायचं. बस, एवढंच. त्यात मागणं-बिगणं काही नव्हतं.

एक फोटो मात्र बाई पटकन पुढं सरकवायच्या. झाडाखाली दगडांनी बांधलेलं छोटं डबकं, पायरीवर शेवाळ. मी हट्ट केला तेव्हा सांगितलं. वेल्स म्हणून भाग आहे, तिथल्या काही विहिरी आजार बरे करतात, बायका झाडाला चिंध्या बांधतात. पण एक विहीर उलटी होती. ज्यानं आपलं वाईट केलं त्याचं नाव पाटीच्या दगडावर कोरायचं, टाचणी लावायची आणि पाण्यात टाकायचं. जोवर नाव पाण्यात, तोवर तो माणूस झुरत राहणार. सोडवायचं असेल तर विहीर उपसून दगड बाहेर काढायचा आणि त्याच्या हातात द्यायचा.

"लोक खरंच टाकायचे, बाई?"

"टाकायचे. कोर्टात जायची ऐपत नसलेले." मग डबा बंद केला. "हे नको लक्षात ठेवू."

तेवढंच लक्षात राहिलं.

लग्न झालं. नवरा सिद्राम सोलापुरातच पॉवरलूमवर होता. सासर पुन्हा अक्कलकोट तालुक्यातलंच, एक छोटा तुकडा शेत. आमच्या आणि चुलत थोरल्या दिराच्या शेताला मिळून एक सामाईक विहीर, पाण्याला पाळ्या लावलेल्या. या दिराला सगळे मल्लूअण्णा म्हणतात. आमच्यात थोरल्या दिरासमोर सून सरळ बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नव्हते.

सिद्राम तरुणपणी प्यायचा. खोटं कशाला बोलू, खूप प्यायचा. मग अक्कलकोटला जाऊन शपथ घेतली आणि सोडली. पुढं कधी थेंबाला शिवला नाही.

चार उन्हाळ्यांपूर्वी आमच्या पाळीच्या दिवशी आम्ही दोघं गावी गेलो. मोटर अण्णांची चालू होती, त्यांची पाळी संपूनही. सिद्राम विहिरीच्या काठावर जाऊन म्हणाला, "अण्णा, बंद करा की. आज आमची पाळी हाय." मी भाकरीचं गाठोडं घेऊन लिंबाखाली उभी. अण्णा काहीतरी बोलले, सिद्राम हसला. आणि अण्णांनी त्याला ढकललं. दोन्ही हातांनी, छातीवर. मी बघितलं. ऊन लख्ख होतं, मध्ये काही आड नव्हतं.

पाणी खाली गेलेलं होतं. आतल्या खडकाच्या कडेवर तो पाठीवर पडला. मी ओरडायच्या आधी अण्णाच ओरडले — "पडला, पडला! पिऊन आलावता, तोल गेला!"

मी सांगितलं. दवाखान्यात सांगितलं, गावातल्या चार लोकांना सांगितलं. ते म्हणाले, बायको आहे, नवऱ्याची बाजू घेणारच. अण्णा तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "उनात उभी व्हती, अंधारी आली असंल तिला." सिद्रामला डोक्याला मार लागला होता, त्याला त्या दिवसाचं सकाळपासूनचं काही आठवेना. आणि… हे मला सगळ्यात जास्त लागलं… सगळे म्हणतात म्हणून त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

"पिलो असंन गं," तो म्हणायचा. "पिणाऱ्याला कुटं आठवतं."

"मी होते की संगट. न्हाय पिला तुमी."

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस."

पाठ कायमची गेली. लूमवर उभं राहता येत नाही. घरी खाटेवर बसून चादरीच्या दशा वळतो. शपथ मोडली म्हणून अक्कलकोटला पाऊल टाकत नाही. गाडी त्या रस्त्यानं गेली तरी मान खाली घालतो. माणूस जिवंत आहे, पण स्वतःला खोटा समजून जगतोय. आणि अण्णा तिकडं पांढरी टोपी घालून लग्नात पुढच्या रांगेत!

त्या उन्हाळ्यातच मी ज्वारीचं पोतं आणायला एकटी गावी गेले. जाताना कारखान्याच्या कंपाउंडला पडलेला शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा पिशवीत टाकला होता. धागे तोडायच्या कात्रीच्या टोकानं त्यावर नाव कोरलं. आधी नुसता 'म' कोरणार होते, पण मग वाटलं, महादेवी पण 'म'च की. माझंच नाव पडायचं. म्हणून 'मल्लिनाथ' पूर्ण कोरलं, वेलांटीसकट. टाचणी दगडात कशी लावतात ते बाईंनी सांगितलं नव्हतं. मी मशीनची मोडकी सुई सुतानं दगडाला आवळून बांधली. दुपारी शेतात कुणी नव्हतं. जिथून सिद्राम पडला तिथूनच टाकला.

विश्वास होता म्हणून टाकला का? नाही. पण हात रिकामे ठेवून मला राहवेना. दगड पडल्याचा आवाज आला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

पावसाळ्यात विहीर भरली. थोड्या दिवसांत अण्णांची बायको, माझी जाऊ — आम्ही अक्का म्हणतो — अण्णांना घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात आली. श्वास कोंडतोय. छातीत पाणी भरल्यासारखं होतंय, घशापर्यंत येतंय म्हणतात. एक्स-रे काढला, रक्त तपासलं, हृदय तपासलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

मी मनात म्हटलं, योगायोग.

उन्हाळा आला, विहीर तळाला गेली. अण्णा ठणठणीत! जत्रेत मिरवले. मला राग आला. मग डोक्यात प्रकाश पडला. बाईंच्या त्या देशात विहिरी आटत नसणार. आपल्याकडे चैत्र लागला की देवच उपसून टाकतो. पुढच्या पावसात पाणी चढलं, तसा अण्णांचा दम पुन्हा चढला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उतरला. मी कुणाला काही बोलले नाही. कारखान्यात टॉवेलाचे काठ शिवताना पावसाचा आवाज आला की मला बरं वाटायचं. वाटायचं ते वाटायचं. लपवून काय करू.

त्याच, तिसऱ्या उन्हाळ्यात अण्णांनी यारी, म्हणजे गाळ वर ओढायचं यंत्र, लावून विहिरीचा गाळ काढला. खरं तर गाळ निम्मा आमचा. विहिरीचा गाळ म्हणजे शेताला सोनं. पण अण्णांनी सगळा ट्रॅक्टरनं आपल्याच रानात नेला. सिद्राम म्हणाला, "जाऊ दे, आपल्याला कुटं पेरायचंय." माझं मात्र अवसान गेलं. गाळासोबत दगडही बाहेर आला असणार. म्हणजे सुटला तो. खरंच, त्या पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली आणि अण्णांना काही झालं नाही. मशीनवर बसून मी रडले. शेजारची म्हणाली, "सुई लागली काय?" मी हो म्हटलं.

दिवाळीनंतर अण्णांनी त्या रानात ऊस लावला. आणि अक्काचा फोन.

"पुन्हा धरलंय गं ह्यांना. आता तर पावसाळाबी न्हाय. आन एक सांगू? हसशील. ज्या दिवशी उसाला पाणी, त्याच दिवशी. मागं करकंबला लेकीकडं जेवत व्हते, घास टाकून उठले. मागनं कळलं, हिकडं आमच्या पोरानं, महेशनं, तवाच मोटर चालू केलीवती."

मी हसले नाही. त्याच विहिरीचं पाणी, आणि आमच्या वाट्याच्या गाळासोबत नेलेला तो दगड. दोन्हीची गाठ त्यांनी स्वतःच्या रानात स्वतः घालून दिली होती.

आता या वर्षीचं सांगते.

अण्णा आणि अक्का पुन्हा दवाखान्यासाठी सोलापूरला आले. डॉक्टरांची वेळ दुपारची, म्हणून सकाळीच आमच्या खोलीवर. दवाखान्याला आलेला पाहुणा कुणीही असो, त्याला चहापाणी करावंच लागतं. मला सुट्टी होती. अण्णा खुर्चीवर बसले, समोर खाटेवर सिद्राम दशा वळत.

"काय सिद्राम, बायकोच्या पगारावर मज्जा हाय की तुजी. आमचं कुटं असं नशीब."

सिद्राम हसला.

"आन ते? पूर्ण सुटली का अजून चोरून चाललंय?"

"न्हाय अण्णा. त्या दिवसानंतर शिवलो न्हाय."

त्या दिवसानंतर! मी स्टोव्हकडे तोंड करून होते.

तेवढ्यात अण्णांच्या पोराचा, महेशचा, फोन आला. अक्कानं उचलला. "लाईट आलीया, उसाला पाणी सोडू का इचारतोय."

"सोड म्हणावं. त्यात इचारायचं काय."

चहाला उकळी फुटायच्या आत अण्णांनी गळ्याला हात लावला. तोंड उघडं, डोळे बाहेर. "पाणी… भरलं… भरलं…" अक्का पाठ चोळायला लागली, सिद्राम खाटेवरून उठायची धडपड करू लागला. मी ते पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. दम लागलेल्या नव्हे, खरोखर पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखे ते हात मारत होते.

मी म्हटलं, "अक्का, महेशला मोटर बंद करायला सांगा."

"मोटर?"

"सांगा आधी."

तिनं सांगितलं. जरा वेळानं अण्णांचा श्वास खाली बसला. घामानं सदरा भिजला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला काय ठावं गं?"

मी पदर सावरला नाही. "तुमचं नाव मी हिरीत टाकलंवतं, दगडावर कोरून. तुमी गाळ नेला, त्यासंगट तेबी नेलं. आता ते तुमच्या उसात हाय."

"येडी झालीस काय? सिद्राम, बायकोला आवर."

"त्या दिवशी काय झालं ते ह्यांना सांगा. मग मी काय ते बघते."

"काय व्हायचंय? पिऊन पडला. समद्या गावाला ठावं हाय."

अक्काचा फोन खुर्चीच्या हातावर होता. मी उचलला. महेशचा नंबर वरच होता.

"महेश, काकू बोलतीया. अण्णा म्हणत्यात, चालू कर मोटर."

"बरं काकू."

अक्काचा हात फोनपर्यंत पोचत होता. तिनं तो घेतला नाही. नवऱ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या मनात काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

सिद्राम म्हणाला, "अगं, असं काय करतीस? मरंल की माणूस."

मी म्हटलं, "पाणी सरीतनं पुढं जायला वेळ लागतो. तवर सांगता यील त्यांना."

जास्त वेळ लागला नाही. अण्णा खुर्चीवरून खाली आले, फरशीवर गुडघे टेकले. "बंद कर! सांगतो, बंद कर!"

"आधी सांगा."

"ढकलला… मी ढकलला."

"माझ्याकडं नगा बघू. त्यांच्याकडं बघून सांगा. पिलेवते का ते?"

"न्हाय… वासबी न्हवता. मला राग आला, ढकलला… दोन्ही हातांनी… बास…"

मग मी महेशला बंद कर म्हणून सांगितलं. त्याआधी जरा थांबले. किती ते लिहीत नाही.

चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला होता. सिद्रामच्या बोटांत अर्धी वळलेली दशा तशीच होती. तो अण्णांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"म्हंजे… मी पिलो न्हवतो?"

"न्हाय."

"थेंबभरबी?"

"थेंबभरबी न्हाय हो."

तो रडला नाही. दशेची गाठ मारली, दातानं धागा तोडला, आणि पाठीनं जमेल तेवढा ताठ बसला. मग खाटेवरूनच दाराबाहेर शेजाऱ्याला हाक मारली, मोठ्यानं. एवढा मोठा आवाज मी त्याच्या तोंडून चार वर्षांत ऐकला नव्हता. "अहो, या की हिकडं. मला ढकललंवतं! मी पिलो न्हवतो!"

अण्णा दवाखान्यात न जाताच गावी परतले. जाताना अक्कानं दाराशी विचारलं, दगड कुठं शोधायचा. मी म्हटलं, एवढ्या रानात तळहाताएवढी फरशी मी कुठून सांगू. त्यांनी माणसं लावून उभ्या उसात खणलं. सापडला नाही. आता ते रान त्यांनी कोरडं ठेवलंय, ऊस वाळून गेला. अण्णांचा श्वास नीट चालतो. पण गावात विचारलं की अजूनही म्हणतात, सिद्राम पिऊन पडला होता.

तुम्ही म्हणाल, मनाचा खेळ. फोन आला ते अण्णांना कळलं होतं, हे मला मान्य आहे. पण करकंबला जेवताना कुणी सांगितलं होतं? विहिरीत नाव आहे हे तर त्यांना माहीतच नव्हतं. डॉक्टरांकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. बाई आता हयात नाहीत, नाहीतर त्यांना विचारलं असतं. त्याही बहुतेक तेच म्हणाल्या असत्या, कुणालाच नक्की माहीत नाही.

परवा अक्कानं पुन्हा फोन केला होता. म्हणाली, ये एकदा, तूच शोध, तुला सापडेल. मी म्हटलं, अण्णांना देवळासमोर चार माणसांत सांगू दे, मग येते. सांगतील की नाही, माहीत नाही. आणि सांगितलं, मी गेले, आणि तो तुकडा हाताला लागला, तर तो अण्णांच्या हातात देईन की पुन्हा विहिरीत टाकीन… ते मी अजून ठरवलेलं नाही.